विद्यार्थी सहायकांचं ॲनिमेशन आणि वेबचं काम: दर आठवड्याला नेमकं काय मोजायचं?

विभाग_समन्वयक

नमस्कार मंडळी. आमच्या विभागात या सत्रात पाच विद्यार्थी सहायक आहेत, तिघं ॲनिमेशनवर आणि दोघं संकेतस्थळावर. ॲनिमेशन द्विमितीय, ७५ सेकंदांचं, १८ शॉट. विषय घरचा ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणं. संकेतस्थळ म्हणजे विभागाच्या जुन्या साइटची नव्याने बांधणी, ३५ पानं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. प्रत्येकाचे आठवड्याला १० तास, एकूण १० आठवडे, त्यातले तीन संपले.

दर शनिवारी प्रगतीचा मेल येतो. नमुना: "कॅरेक्टर ॲनिमेशन ७० टक्के पूर्ण. बॅकग्राउंड सुरू आहेत. होमपेज जवळजवळ झालंय." पुढच्या शनिवारी ७० चे ८० होतात. फाइल मागितली की "मॅडम, थोडंसंच राहिलंय, सोमवारी दाखवतो." मुलं कामचुकार नाहीत, रात्री लॅब बंद करताना त्यांना उठवावं लागतं. पण काम कुठवर आलंय ते मला कळत नाही, आणि खरं तर त्यांनाही कळत नसावं.

तर अहवालात नेमकं काय मागायचं? उरलेल्या तासांत ७५ सेकंद बसतात का? वेबचं काम याच मापाने मोजायचं की वेगळ्या? ॲनिमेशन क्रिता आणि ओपनटून्झवर चाललंय, साइट साध्या एचटीएमएल-सीएसएसमध्ये, लॅबमधली मशिनं ८ जीबी रॅमची.

पेगबार

ताई, आधी हिशेब करू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

उरले सात आठवडे. तिघांचे मिळून २१० तास. त्यातले ४० तास आवाज, जोडणी आणि कॉम्पोझिटिंगला (पात्रं, पार्श्वभूमी असे थर एकत्र बसवण्याला) काढून ठेवा, ३० तास दुरुस्त्यांना. हे ३० कधीच वाचत नाहीत, त्यामुळे "लागले तर बघू" म्हणू नका. राहिले १४० तास. ७५ सेकंदांना भागलं की एका सेकंदाला साधारण ११२ मिनिटं. २४ फ्रेमच्या सेकंदात एक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे टूजवर काम केलं, तरी सेकंदाला १२ चित्रं. एका चित्राला सव्वानऊ मिनिटं, आणि त्यात रफ म्हणजे कच्चं रेखाटन, क्लीनअप म्हणजे त्यावरून काढलेल्या नीट रेषा, आणि रंग सगळं आलं. शिकणाऱ्या मुलाला पात्राच्या एका चित्राला या सगळ्यासकट वीस मिनिटं सहज लागतात. म्हणजे सगळं फ्रेम-बाय-फ्रेम करायचा बेत असेल तर तो आजच सोडा.

बसेल अशी वाटणी अशी: जिथे हालचालच गोष्ट सांगते असे १२ सेकंद पूर्ण चित्रांचे. १४४ चित्रं गुणिले २० मिनिटं, ४८ तास. उरलेले ६३ सेकंद कटआउटमध्ये, म्हणजे हात-पाय-डोकं सुटं काढून सांध्यांवर फिरवायचं. एक बाहुली नीट बांधायला १२ तास धरा, दोन पात्रांचे २४. बांधून झाली की सेकंदाला तासाभरात काम होतं, म्हणजे ६३ तास. बेरीज १३५. पाच तास शिल्लक, म्हणजे शिल्लक नाहीच.

आता अहवाल. टक्के बंद. एक तक्ता, प्रत्येक शॉटला एक ओळ. शॉटचे क्रमांक दहा-दहाच्या टप्प्याने द्या, ०१०, ०२०, ०३०, म्हणजे मध्ये नवा शॉट घुसवावा लागला तर तो ०२५ होतो आणि पुढच्या फायलींची नावं बदलावी लागत नाहीत. प्रत्येक ओळीत शॉटची लांबी फ्रेममध्ये आणि पाच रकाने: लेआउट (शॉटची मांडणी), की पोझ (हालचालीतल्या मुख्य मुद्रा), त्यांच्या मधली चित्रं, क्लीनअप, रंग. रकाना भरतो तो काम करणारा नाही, दुसरा. त्याने फाइल उघडून, चालवून पाहिली तरच खूण.

या पाचांना सारखं वजन देऊ नका. मी लेआउट १०, की पोझ ३०, मधली चित्रं २५, क्लीनअप २०, रंग १५ असं धरतो. की पोझला सर्वांत जास्त, कारण वेळ, वजन, अभिनय सगळं तिथेच ठरतं. ती चुकली तर पुढचे तीन रकाने पुसावे लागतात. मग चार सेकंदांच्या शॉटच्या की पोझ मंजूर झाल्या की चार सेकंदांचे ४० टक्के, म्हणजे १.६ सेकंद जमा. सगळ्या शॉटची बेरीज करा, आठवड्याचा एकच आकडा येतो: ७५ पैकी किती सेकंद. बाहुल्या बांधायच्या आठवड्यात पाच-सहा सेकंदच जमतील, त्याने घाबरू नका. त्यापुढचे चार आठवडे १७-१८ च्या आसपास हवेत. दोन आठवडे सलग १२ च्या खाली आले तर मुलांना पळवू नका, शॉट कापा.

शॉट मोजू नका, सेकंदच मोजा. नाहीतर सगळे दीड सेकंदाचे सोपे शॉट आधी उरकतात, १८ पैकी ११ झाले म्हणून आनंद होतो, आणि चालत येऊन डबा उचलणारा नऊ सेकंदांचा शॉट शेवटी गळ्यात पडतो.

एक विचारायचं राहिलं: ॲनिमॅटिक पक्कं झालंय का? आवाजासकट ७५ सेकंद, स्थिर चित्रांवर? तीन आठवड्यांत ते झालं नसेल तर वरचा तक्ता भरायलाच घेऊ नका.

नळस्टॉपचा_सिग्नल

"जवळजवळ झालंय" हा मराठीतला स्वतंत्र काळ आहे. भूतकाळासारखा दिसतो, चालतो भविष्यकाळासारखा.

शिरोरेखा

वेबचं वेगळं मोजा. ॲनिमेशनचे सेकंद हळूहळू साठत जातात, साइट तशी वाढत नाही. ३५ पानं असली तरी साचे चारच निघतील: मुखपृष्ठ, यादीचं पान, एकेरी मजकुराचं पान, अर्ज. हे चार नीट व्हायला चार-पाच आठवडे जातात आणि त्या काळात "पूर्ण पानं" शून्य दिसतात. मग एका आठवड्यात वीस पानं होतात. पानं मोजत बसलात तर पहिल्या महिन्यात मुलांना बोलणी खावी लागतील आणि शेवटी उगाच शाबासकी मिळेल. म्हणून पहिल्या टप्प्यात साचे मोजा, दुसऱ्या टप्प्यात पानं.

साचा झाला असं कधी म्हणायचं? ३६० पिक्सेल रुंदीवर आडवं सरकावं लागत नाही. नुसत्या टॅब कळीने सगळ्या दुव्यांवर जाता येतं आणि आपण कुठे आहोत ते दिसतं. मजकूर आणि पार्श्वभूमीतला काँट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्याचं प्रमाण, किमान ४.५ ला १. प्रत्येक चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहिलेली, नाहीतर चित्र उतरताना मजकूर खाली उडी मारतो. आणि हे सगळं खऱ्या मराठी मजकुरावर तपासलेलं. इंग्रजी भरताड मजकुरावर सुंदर दिसणारा मेनू "विद्यार्थी कल्याण व क्रीडा" आलं की दोन ओळींत मोडतो.

मराठीचा म्हणून वेगळा ताप आहे, त्याला तक्त्यात स्वतःचा रकाना द्या. कार्यालयाकडून येणारा मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांमधला असतो, तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. कन्व्हर्टरमधून काढला की ९५ शब्द बरोबर येतात आणि पाच गुपचूप बिघडतात. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी आधी बघा, त्या फाँटांमध्ये त्यांची टायपायची जागा वेगळी असते: "विद्यार्थी", "कार्यक्रम". मग "दुसऱ्या", "ज्याच्या", "ऱ्हास". मग ॲ. हे अक्षर दोन तऱ्हेने साठवलं जातं: एकच सलग अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला वेगळे. अर्ध्या पानांवर एक आणि अर्ध्यांवर दुसरं असलं की साइटवरच्या शोधात "ॲनिमेशन" टाइप करून निम्मीच पानं मिळतात आणि कुणालाच कारण कळत नाही. एकच रूप ठरवा आणि सगळ्या फायलींत शोधून बदला. ऱ्य चंही तेच: नुक्ता असलेल्या ऱ ने लिहिलेला आणि साध्या र ला जोडक चिन्ह लावून लिहिलेला, दोन्ही सापडतील.

सीएसएसमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्प्लेटमधल्या शीर्षकांना ते अंतर बऱ्याचदा आधीपासूनच दिलेलं असतं, म्हणून मुद्दाम शोधून काढा. ओळींचं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, १.४ ला वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकू शकतो. पानाची भाषा "मराठी" घोषित करा, हिंदी नव्हे. फाँटात सोय असेल तर त्याने ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. फाँटची फाइल छोटी करताना जोडाक्षरांचे नियम काढून टाकणारा पर्याय निवडला गेला की "क्ष" चा "क् ष" होतो, ते मोबाईलवर एकदा डोळ्यांनी बघा.

आणि ज्याने कोड लिहिला त्याच्या मशिनवर डेमो कधीच बघू नका. तिथे विंडोज असतं, त्याला फाइलच्या नावातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच. सर्व्हर लिनक्सचा असला की दोन्ही वेगळी, निम्मी चित्रं गायब. दर आठवड्याला काम चाचणी-पत्त्यावर चढवायचं आणि ताईंनी ते स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून उघडायचं. उघडलं नाही तर त्या आठवड्याचं काम झालेलं नाही.

विभाग_समन्वयक

फार उपयोगाचं. पेगबार, ॲनिमॅटिक आहे, पण तिघांनी तीन तुकडे केलेत आणि जोडल्यावर शेवटी आवाज आणि चित्र जुळत नाही, जवळपास तीन सेकंदांचा फरक. मुलांचं म्हणणं ऑडिओ फाइल खराब आहे. दुसरं, क्रिता एका मशिनवर सारखं अडकतं. रॅम वाढवायची शिफारस केली तर मंजुरीला सत्र संपेल.

रेंडर_रात्रभर

ऑडिओ खराब नाही, ताई. ७५ सेकंद गुणिले २४ म्हणजे १८०० फ्रेम. त्याच १८०० फ्रेम २५ च्या प्रोजेक्टमध्ये टाकल्या की ७२ सेकंदांत संपतात. तुमचे तीन सेकंद तिथे गेले. क्रितात २४ आहे, जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी २५ ठेवलंय. जोडणीचा प्रोजेक्ट २४ चा नवा काढा, आणि चित्रमालिका आत घेताना ती २४ ची आहे हे वेगळं सांगा. काही सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा आकडा बघत नाहीत, मालिका स्वतःच्या ठरलेल्या दराने घेतात.

क्रिता अडकतंय कारण बहुतेक सगळे शॉट एकाच फाइलमध्ये आहेत. १९२० बाय १०८० चं एक पूर्ण भरलेलं चित्र मेमरीत ८.३ एमबीच्या आसपास. शंभर चित्रांचा एक थर म्हणजे ८३० एमबी. पात्र, रफ, सावली, डबे असे चार थर केले की ८ जीबीचं मशीन आडवं. एका शॉटची एक फाइल करा. रफ मंजूर झाला की तो थर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मूळ फाइलमधून काढा. रॅमची शिफारस लागणार नाही. पेनड्राइव्हवरून थेट फाइल उघडून काम करत असतील तर तेही बंद करा, सेव्ह होताना ओढली की फाइल गेली.

ओपनटून्झमध्ये उलटी गंमत. तिथे सीनची फाइल अगदी छोटी असते, चित्रं शेजारच्या फोल्डरांत. मुलगा सीनची फाइल तेवढी घेऊन घरी जातो आणि रिकामा पडदा बघतो. प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर न्यायचं, आणि आतली नावं बदलायची नाहीत.

बाहेर काढताना थेट एमपी४ नको, पीएनजीची मालिका काढा. ९०० व्या फ्रेमला वीज गेली तर एमपी४ पूर्ण वाया, मालिकेत ९०० पासून पुढे. आपल्याकडे दुरुस्तीची वीज बहुधा गुरुवारी जाते, तेव्हा बुधवारी रात्रभराचं काही लावायचं असेल तर मालिकाच लावा. एमपी४ करताना पिक्सेलचा प्रकार वाय-यू-व्ही ४२० निवडा, नाहीतर लॅबमध्ये चालणारी फिल्म प्राचार्यांच्या फोनवर काळी दिसते. रुंदी-उंची सम आकड्यांत हवी, १०८१ वर ते एन्कोडिंग नकारच देतं.

फाइलचं नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता: शॉट, अवस्था, आवृत्ती. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" यांना बंदी. आवृत्तीचा आकडा नेहमी दोन अंकी. गिटहबवर (कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढतच नाही, त्यामुळे चित्रफायली तिथे कोंबू नका. कोड गिटवर, चित्रं दोन हार्डडिस्कवर. दुसरी डिस्क लॅबच्या कपाटात नको. पहिली जिथे भिजेल तिथे दुसरीही भिजेल.

ॲनिमेशनचा तुकडा मुखपृष्ठावर लावायचा बेत असणारच. जीआयएफ करू नका, सहा सेकंदांचं जीआयएफ दहा एमबीच्या पुढे जायला वेळ लागत नाही. आवाज काढलेला एमपी४ द्या, आपोआप सुरू होण्यासाठी टॅगमध्ये "ऑटोप्ले"सोबत "म्यूटेड" आणि आयफोनसाठी "प्लेजइनलाइन" दोन्ही लिहा. पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलणारं काही असेल तर थांबवायचं बटण हवं, सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकषच तसे आहेत.

शिरोरेखा

एक भर. ॲनिमेशनवाले आणि वेबवाले यांच्यात देवाणघेवाणीचा दिवस ठरवा. कचऱ्याच्या डब्याचा हिरवा आणि निळा रंग दोन्हीकडे एकच हवा, हेक्स कोडसकट (# ने सुरू होणारा सहा-अंकी रंगाचा कोड) एका फाइलमध्ये. नाहीतर फिल्ममधला ओला कचरा पोपटी आणि साइटवरचा बाटलीसारखा हिरवा. आणि पोपटीवर पांढरी अक्षरं ४.५ च्या जवळपासही जात नाहीत, तेव्हा रंग ठरवताना आधी वेबवाल्यांना विचारा.

पेगबार

रेंडरशी पूर्ण सहमत. फक्त शनिवार बदला, ताई. बाहेरगावची मुलं शुक्रवारी संध्याकाळी एसटी पकडतात आणि मेल गाडीत बसून लिहितात, "जवळजवळ" तिथूनच येतो. शुक्रवारी दुपारी ४० मिनिटं, सगळे एका पडद्यासमोर. प्रत्येक जण फाइल चालवतो, बोलत नाही. बोलणं नंतर. मेल हवाच असेल तर चार ओळी: कोणती फाइल उघडायची, काय अडलंय, पुढच्या शुक्रवारी कोणता रकाना भरणार, कोणाची वाट बघतोय.

आणि तासांची नोंद या तक्त्यात आणू नका. "कमवा व शिका"सारख्या योजनेत मानधन तासांवर असतं, त्याची हजेरी वेगळ्या वहीत. तास आणि प्रगती एकाच कागदावर आले की तासांना शोभेल इतकी प्रगती लिहिली जाते. त्यात मुलांचा दोष नाही, कागदाचा आहे.

विभाग_समन्वयक

जोडणी २४ वर आणली, आवाज बरोबर बसला. तक्ताही सुरू केला. पहिली भरलेली ओळ देते, बघा बरं:

शॉट ०७०, ७२ फ्रेम. मुलगी केळ्याची साल हिरव्या डब्यात टाकते. पूर्ण चित्रांचा. लेआउट मंजूर. की पोझ ५: उभी, हात मागे, हात पुढे, साल डब्यात, स्थिर. मंजूर करू का?

पेगबार

अजून नको. साल हातातून सुटते ती पोझच नाहीये. "हात पुढे" आणि "साल डब्यात" यांच्यामध्ये मधली चित्रं काढणारा साल हातासोबत अर्ध्यापर्यंत नेईल आणि मग ती आपोआप डब्यात जाईल, फेकल्यासारखी वाटणारच नाही. सहावी पोझ घाला: बोटं उघडलेली, साल बोटांपासून जेमतेम सुटलेली, मनगट अजून पुढे जातंय.

दुसरं, फेकण्याच्या सहा फ्रेम वन्सवर घ्या, प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. टूजवर तिथे तीनच चित्रं येतात आणि हात उडी मारतो. बाकी शॉट टूजवरच ठेवा. म्हणजे ३६ ऐवजी ३९ चित्रं, तक्त्यात तसा आकडा बदला. आणि "हात मागे" ही पोझ चार फ्रेमची असेल तर ती आठ करा. सध्या फेकायची तयारी दिसायच्या आधीच साल उडालेली असेल.

हे झालं की खूण करा, शॉटचे १.२ सेकंद जमा.